गोव्यात व्हीनस फ्लायट्रॅप आणि घटपर्णी: सापळे काळे पडताहेत, घट धरत नाहीत

गॅलरीतली_बाग (ताळगाव)

नमस्कार मंडळी. गॅलरीत दोन कीटकभक्षी झाडं आहेत, दोन्ही ऑनलाइन मागवलेली, येऊन दोन-अडीच महिने झाले. एक व्हीनस फ्लायट्रॅप, दुसरी घटपर्णी. लेबलवर 'नेपेंथेस व्हेंट्राटा' लिहिलंय. दोन्हींचं लक्षण ठीक दिसत नाही.

फ्लायट्रॅप चार इंची प्लास्टिकच्या कुंडीत, आली त्याच मिश्रणात आहे. बाहेरचे सापळे एकेक करून काळे पडताहेत आणि नवीन येतात ते आधीच्यापेक्षा लहान. मधोमध अजून हिरवं आहे. घटपर्णी आली तेव्हा तिला पाच घट होते, सगळे वाळले. नवी पानं मोठी आणि हिरवीगार येतात, पण टोकाचा तंतू तसाच लोंबत राहतो, पुढे घट धरत नाही. ती आल्या आल्या कोकोपीट आणि गांडूळखत अर्धं-अर्धं घालून मोठ्या कुंडीत लावली होती.

पाणी: इमारतीच्या टाकीत नळाचं आणि बोअरचं एकत्र होतं. मीटरवर त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) २४०, स्वयंपाकघरातल्या आरओचा ८५. झाडांना आरओचंच घालते. गॅलरी पश्चिमेची, तिसरा मजला, दुपारी दीडपासून मावळेपर्यंत ऊन.

यात नेमकं काय चुकतंय? आणि फ्लायट्रॅपला हिवाळा लागतो म्हणतात, तो गोव्यात आणायचा कुठून?

कुंडीवाला_फोंडा

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी घटपर्णीच्या कुंडीतलं गांडूळखत काढा.

पानं हिरवीगार, मोठी आणि घट नाही, हे खत जास्त झाल्याचंच लक्षण. ही झाडं मुळात नत्र-स्फुरद जवळजवळ नसलेल्या, आंबट, ओल्या जमिनीतली. किडे धरायची सगळी यंत्रणा त्या उपासमारीवरचा उपाय आहे. मुळांतून नत्र आयतं मिळू लागलं की झाड घटावर खर्च करत नाही. पुढच्या टप्प्यात क्षार साठतात, मुळं जळतात आणि पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात. तुमची अजून पहिल्या टप्प्यात दिसतेय, वेळ गेलेली नाही.

कुंडीतून काढलेला गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, कोकोपीट आपोआप सुटतं. ओढाओढ करू नका. घटपर्णीची मुळं जन्मतःच काळी, बारीक आणि ठिसूळ असतात. काळी दिसली म्हणजे कुजली असं समजून कात्री चालवणारे पुष्कळ. कुजलेलं मूळ चिमटीत धरलं की साल निसटते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो; चांगलं मूळ काळं असलं तरी ताठ लागतं. एवढं तपासूनच कापा.

घटपर्णीचं मिश्रण: लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) २ भाग, परलाइट (फुगवलेले पांढरे, हलके खनिज दाणे) १ भाग, नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे १ भाग. सोडणात सोडियम-पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात, म्हणून तुकडे दोन-तीन दिवस भिजत ठेवायचे, पाणी रोज दोनदा बदलायचं आणि मीटर लावायचा. निथळलेल्या पाण्याचा आकडा मूळ पाण्यापेक्षा २०-३० हून जास्त नसेल तेव्हा ते वापरण्याजोगे झाले. घटपर्णीला ओल हवी पण मुळांशी हवा खेळती हवी, म्हणून मिश्रण दाबून भरू नका आणि खाली पाण्याची ताटली नको.

फ्लायट्रॅपचं गणित वेगळं, तिला खाली पाण्याची ताटली हवी. मिश्रण: पीट मॉस (दलदलीत साठून अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि धुतलेलं परलाइट, अर्धं-अर्धं. पीटचं पोतं घेताना नीट वाचा: 'पॉटिंग मिक्स' म्हणून मिळतं त्यात बहुतेक वेळा चुना आणि खत आधीच मिसळलेलं असतं. आपल्याला नुसतं पीट हवं. कोकोपीट फ्लायट्रॅपला देऊच नका. धुऊनही भरवसा नाही, कारण काही कारखाने ते कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात काढतात आणि ते पाकिटावर लिहिलेलं असेलच असं नाही. परलाइटची धूळ नाकात जाते, म्हणून आधी ओलं करा आणि मग हाताळा.

रेतीबद्दल इथल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. समुद्राची रेती नको हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण 'नदीची आहे' म्हणून आणलेली रेतीही नको. मांडवी-जुवारीला भरतीचं खारं पाणी आत कितीतरी लांबवर चढतं, शिवाय शिंपल्यांचे तुकडे असतात, म्हणजे चुना आलाच. तांबडी मातीही नको. मातीची कुंडीही नको, तिच्या भिंतीत क्षार मुरतात. प्लास्टिकची, निदान १२ सेंमी खोल कुंडी घ्या. फ्लायट्रॅपची मुळं दिसतात त्यापेक्षा खोल जातात. लावताना खालचा पांढरा कंद मिश्रणात आणि पानं फुटतात तो मध्य पृष्ठभागाच्या बरोबरीला. मध्य गाडला गेला की तिथूनच कूज सुरू होते.

आता पाणी. या झाडांसाठी सुरक्षित मर्यादा टीडीएस ५०. तुमचं ८५ लगेच मारणार नाही, पण ताटलीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दोन-तीन महिन्यांत कुंडीतला आकडा दोनशे-तीनशेवर गेलेला असतो आणि झाड आतून खंगत जातं. सापळे दरवेळी लहान येणं हे तेच. खात्री करायची तर कुंडीवर पावसाचं पाणी ओता, खालून निथळलेलं मोजा. शंभरावर असेल तर कुंडीच्या तिप्पट पाणी सावकाश वरून सोडून मिश्रण धुऊन काढा. तुम्ही मिश्रण बदलणारच आहात, तेव्हा आत्ता ते नको. पुढे महिन्यातून एकदा करत जा.

आरओचा आकडा ८५ येतो कारण बहुतेक घरगुती यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळतात, एक तर मिनरल काडतुसातून नाहीतर टीडीएस कंट्रोलरच्या स्क्रूमधून. मेकॅनिकला सांगून मेंब्रेनच्या लगेच पुढे एक टी-जोड आणि छोटा नळ बसवून घ्या. तिथलं पाणी साधारण १०-३० येईल. तोवर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, पाच लिटरचा कॅन गॅरेजच्या दुकानात मिळतो. कॅनवर 'डिस्टिल्ड' वा 'डीमिनरलाइज्ड' आहे ना ते पाहा, आम्ल नको.

एसीच्या नळीचं पाणी मीटरवर छान दिसतं, पण त्यात कॉइलची धूळ, बुळबुळीत जंतू आणि थोडं तांबं-अॅल्युमिनियम येऊ शकतं. एखाद्या वेळी अडीअडचणीला ठीक, वर्षभर त्यावर विसंबू नये.

खरं पाणी आपल्याकडे फुकट पडतं, साठवायचा तेवढा आळस. दोन झाडांना रोज पाव लिटर धरलं तर ऑक्टोबर ते मे, २४० दिवसांना ६० लिटर होतात. शंभर लिटरचा झाकणाचा प्लास्टिक ड्रम पुरून उरतो. सिमेंटची टाकी चालणार नाही, चुना सुटतो. यंदाचा मोसम संपत आला असला तरी ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाटी सरी येतात. गच्चीवर एक चौरस मीटर स्वच्छ प्लास्टिक ताणून बांधलं तर १० मिलिमीटर पावसात १० लिटर मिळतात. पहिली पाच मिनिटं वाहू द्या, मग भरा.

सत्तरीचा_सडा

हिवाळ्याचं मी सांगतो, कारण यात उगाच घाबरवणारे आणि उगाच धीर देणारे दोन्ही आहेत.

फ्लायट्रॅप मूळची अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीतली. तिथे हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या आसपास जातो आणि दिवस दहा तासांच्या आसपास राहतो. झाड तीन-चार महिने वाढ थांबवून कंदावर जगतं. पणजीत डिसेंबर-जानेवारीतही रात्र २० अंशांच्या फारशी खाली उतरत नाही. वाळपईकडे थोडं अधिक थंड, तरी १० नाहीच. म्हणजे झाडाला थांबायचा निरोपच मिळत नाही. त्यानं ते लगेच मरत नाही. पहिलं वर्ष उत्तम जातं, दुसऱ्या वर्षी पानं लहान आणि सापळे सुस्त, पुढे कंद आक्रसतो.

उपाय फ्रिज. ऐकायला विचित्र, पण जमतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवायचं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर काढायचं, साधारण दहा आठवडे. त्याआधी पंधरा दिवस किडा द्यायचा नाही. अर्धवट पचलेला किडा आत असला की बुरशी तिथूनच धरते. मग झाड उपटून पावसाच्या पाण्यात मुळं स्वच्छ धुवा, काळी पानं बुंध्यापासून काढा. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा, निथळू द्या. ओलं करून घट्ट पिळलेल्या स्फॅग्नममध्ये कंद-मुळं गुंडाळा, हिरवा भाग उघडा ठेवा आणि झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करा. जागा भाजीच्या कप्प्याची, ४ ते ७ अंश. मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठतं. फळांपासून लांब, पिकणाऱ्या फळांचा वायू झाडांना बाधतो. पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, नाहीतर घरचं कुणीतरी सुकलेली कोथिंबीर म्हणून टाकून देईल.

दर दहा-बारा दिवसांनी उघडून बघा. पांढरी-करडी बुरशी दिसली तर तेवढं पान काढा, पुन्हा गंधक, मॉस नवं. कंद दाबल्यावर टणक आणि पांढरा असेल तर वरचं सगळं काळं झालं तरी झाड जिवंत आहे. फेब्रुवारीत बाहेर काढून ताज्या मिश्रणात लावा, पहिला आठवडा सावलीत, मग हळूहळू उन्हात.

पण ताई, या डिसेंबरात तुमचं झाड फ्रिजमध्ये घालू नका. आत्ता खंगलेलं आहे, मिश्रणही बदलणार. कंदात साठा नसेल तर दहा आठवडे तो कशावर काढणार? हे वर्ष त्याला सावरू द्या, फ्रिज पुढच्या वर्षी. कंद निदान मोठ्या चण्याएवढा हवा.

सुकी_सुंगटां

घरात माश्या कमी, सुकी सुंगटं (कोळंबी) भरपूर. एखादं सापळ्यात टाकलं तर चालेल काय? नाहीतर पनीरचा बारीक तुकडा?

कुंडीवाला_फोंडा

सुंगटं तुमच्या किसमुरीतच बरी. सुकी मासळी खारट, आणि मीठ या झाडांचं विषच आहे. पनीर, अंडं, चिकन यांत चरबी. सापळ्याला ती पचत नाही, कुजते आणि पान घेऊन जाते.

मेलेली माशी किंवा मुंगळा चालतो, पण एक गोष्ट समजून घ्या. सापळ्याच्या प्रत्येक पाकळीवर साधारण तीन केस असतात. वीस-एक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की तो मिटतो, पण पचनाचा रस सुटायला आत धडपड सुरूच राहावी लागते. मेलेला किडा धडपडत नाही, म्हणून बारा-चोवीस तासांत सापळा रिकामाच उघडतो. तेव्हा किडा घातल्यावर मिटलेला सापळा बाहेरून दोन बोटांत अलगद चोळायचा, अर्धा मिनिट, दोन-तीनदा. किडा सापळ्याच्या एक-तृतीयांशाहून मोठा नको. पाय बाहेर राहिला तर कडा घट्ट बसत नाहीत आणि आत जंतू शिरतात. अॅक्वेरियमच्या दुकानातले वाळवलेले ब्लडवर्म पाण्यात भिजवून चालतात, त्यांत मीठ नसतं. पंधरा दिवसांतून एका सापळ्याला खाऊ घातलं की बास. पचायला आठवडा ते दहा दिवस लागतात. एक सापळा तीन-चार जेवणं करतो आणि काळा पडतो, तेव्हा बाहेरचे जुने सापळे काळे होणं हा एरवी रोग नव्हे. पाहुण्यांना दाखवायला काडीनं सापळे मिटवत बसू नका, त्यातही झाडाची शक्ती जाते.

घटपर्णीला भरवायचं कामच नाही. घट आले की मुंग्या आपणहून जातात. घट आडवा होऊन पाणी सांडलं असेल तरच डिस्टिल्ड पाणी तिसऱ्या हिश्शापर्यंत घाला. वाळलेल्या घटात पाणी ओतून तो परत जिवंत होत नाही.

गॅलरीतली_बाग (ताळगाव)

देव बरें करूं सगळ्यांचं. गांडूळखत काल रात्रीच काढलं, मुळं काळी पण ताठ आहेत, एकही कापलं नाही. आता जागेचं सांगा. पश्चिमेचं ऊन दोघींना झेपेल का? आणि फ्लायट्रॅपच्या ताटलीत पाणी ठेवायचं म्हणता, पण इमारतीत डेंगीची तपासणी होते, साचलेलं पाणी दिसलं की बोलणी बसतात.

मडगावचा_माळी

पश्चिमेचं ऊन वाईट नाही, महिन्यावर आहे. आत्तापासून फेब्रुवारीपर्यंत फ्लायट्रॅप सरळ कठड्यापाशी ठेवा. तिला थेट ऊन पाच तास तरी लागतंच. कमी पडलं की देठ रुंद-लांब होतात आणि सापळ्याच्या आतला लाल रंग जातो. नव्या मिश्रणात लावल्यावर पहिले आठ दिवस मात्र आत. मार्च ते मे दीड ते चार एवढ्या वेळेपुरती ३५-५० टक्क्यांची शेडनेट ओढा. हवेपेक्षा कुंडीचा ताप जास्त मारतो. काळी प्लास्टिकची कुंडी दुपारी हाताला चटका देते, आत मुळं शिजतात. ती पांढऱ्या मोठ्या कुंडीत बसवा, मध्ये इंचभर जागा मॉसनं भरा.

घटपर्णी दोन-तीन फूट आत, पन्नास टक्क्यांच्या नेटखाली, टांगलेली. टांगली की घट लोंबायला जागा मिळते आणि गोगलगायींपासूनही वाचते. व्हेंट्राटा आपल्याकडे चांगली तग धरते. उजेड पुरतोय का हे पानावर वाचता येतं: गडद हिरवं म्हणजे कमी, कडेला तांबूस झाक म्हणजे बरोबर, पिवळं पडून तपकिरी डाग म्हणजे भाजलं. दमट हवा आपल्याकडे जवळजवळ वर्षभर आहेच. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी घाटावरून कोरडा वारा सुटतो, तेव्हा तंतूंची टोकं वाळतात. त्या दिवसांत झाड आतल्या कोपऱ्यात घ्या आणि सकाळी एकदा मॉस-पानांवर फवारा मारा. काचेच्या बंद बरणीत मात्र ठेवू नका, उन्हात तिची भट्टी होते.

डासांचं. ताटलीत एक-दोन सेंटिमीटरच पाणी ठेवा आणि ते तीन-चार दिवसांत झाडानं पिऊन संपेल एवढंच. ताटली कोरडी झाली की पुन्हा भरायच्या आधी एक दिवस जाऊ द्या. मिश्रण ओलं असेतो झाडाला काही होत नाही. नुसतं ओतून टाकणं पुरत नाही. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, पाणी आलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली घासणीनं घासा, साबण नको. ड्रमच्या तोंडावर झाकणाखाली सुती कापड घट्ट बांधा. एवढ्यानं भागलं नाही तर बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध मिळतं, ते अळ्यांना मारतं, झाडाला अपाय नाही.

पावसाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. जून ते ऑगस्ट फ्लायट्रॅपला खरी अडचण पाण्याची नसते, उजेडाची असते. आठ-आठ दिवस आभाळ गच्च असेल तर २० वॉटची पांढरी एलईडी, ६५०० केल्विन, झाडापासून २५-३० सेंमीवर, रोज बारा-चौदा तास. घटपर्णी पागोळ्यांच्या थेट खाली नको. घट भरून वाहतात, रस पातळ होतो आणि वजनानं तंतू मोडतात. वारा कोंडला की करडी बुरशी येते, तेव्हा मेलेली पानं काढत राहा.

गोगलगायी पावसात तिसऱ्या मजल्यावरही पोचतात. रात्री बॅटरी घेऊन हातानं वेचा. मीठ टाकायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे चालणार नाही, ते कुंडीतच जातं. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण; मुंग्या येरझारा घालताना दिसल्या की समजायचं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिपा. फार पसरला तर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, लिटरला ०.३ मिली, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फ्लायट्रॅपचं नवं पान पिळवटलेलं आलं तर मावा असतो. कुंडी अख्खी पावसाच्या पाण्यात चोवीस तास बुडवून ठेवली तर औषध लागत नाही. कडुनिंबाचं तेल आणि साबणपाणी टाळा, चिकट पानांच्या ग्रंथी त्यानं बुजतात.

आणखी एक, हे गोव्याबाहेरच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. कुळागर (सुपारीची बाग) जवळ असेल तर पावसाच्या तोंडाला सुपारीवर बोर्डो हे बुरशीनाशक मारतात, पुन्हा जुलैत. त्यात मोरचूद आणि चुना, दोन्ही या झाडांचे वैरी. वाऱ्यावर आलेला फवारा पानावर निळसर डाग पाडतो. त्या दिवशी झाडं आत घ्या आणि त्या आठवड्यातलं छपराचं पाणी ड्रममध्ये घेऊ नका. ताळगावात हा प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांत फोंडा-सत्तरीचे असतील.

दवबिंदू_गोवा

फ्रिजवर थोडं वेगळं मत मांडते. पद्धत बरोबरच आहे, पण ज्यांना दहा आठवडे पिशव्या उघडून बुरशी तपासायची हौस नाही, त्यांनी फ्लायट्रॅपचा हट्टच धरू नये. सारासेनियाचंही (उभ्या नळीसारख्या पानांचं अमेरिकेतलं कीटकभक्षी झाड) तेच, तीही हिवाळा मागते. आपल्या हवेत आपोआप वाढणारी कीटकभक्षी झाडं पुष्कळ आहेत. घटपर्णींत सखल भागातल्या जाती घ्या: अँप्युलारिया, रॅफ्लेशियाना, ग्रासिलिस, मिराबिलिस आणि त्यांचे संकर. रात्रीचे २२-२५ अंश त्यांना घरच्यासारखे. विकणाऱ्याला 'हायलँड की लोलँड' एवढं विचारा; हायलँडला रात्री १२-१५ अंश लागतात, ती इथे घट धरत नाही.

ड्रॉसेरात, म्हणजे चिकट पानांनी किडे धरणाऱ्या दवबिंदूंत, स्पॅट्युलाटा आणि टोकाएन्सिस ही छोटी, चिवट आणि वर्षभर चिकट राहणारी झाडं. फ्लायट्रॅपचंच मिश्रण, तीच ताटली. बी धुळीसारखं बारीक, पृष्ठभागावर नुसतं भुरभुरायचं, मातीनं झाकायचं नाही कारण उगवायला उजेड लागतो. वरून पारदर्शक डबा, दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. दव दिसणं हीच तब्येतीची खूण. पानं कोरडी पडली तर आधी ऊन तपासा, मग पाणी.

आपल्या सड्यांवर (चिऱ्याच्या पठारांवर) पावसात ड्रॉसेरा इंडिका, ड्रॉसेरा बर्मानी आणि युट्रिक्युलारिया उगवतात. बघितलं की उपटून आणावंसं वाटतं, तसं करू नका. चिऱ्याच्या खडकावरच्या चार बोटं मातीत, झिरपणाऱ्या पाण्यावर त्यांचं सगळं चालतं. इंडिका तर एकाच हंगामाची. पाऊस सरता सरता बी टाकून मरतेच. आणलेली कुंडीत चार दिवस टिकते आणि सड्यावरचं बी तेवढं कमी होतं. अभयारण्यातून आणणं हा गुन्हाही आहे.

खरेदीचंही बघा. भारतातली घटपर्णी नेपेंथेस खासियाना मेघालयातली. जंगलातली तोडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी ती साइटीस या वन्यजीव-व्यापाराच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. रोपवाटिकेत वाढवलेली आहे याचा कागद देणाऱ्याकडूनच घ्या. निळ्या-जांभळ्या फ्लायट्रॅपचं बी विकणारे चक्क फसवतात, असा रंग नसतोच. परदेशातून पाकिटात बी मागवाल तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, नाहीतर कस्टम्समध्ये अडकतं.

गॅलरीतली_बाग (ताळगाव)

फ्लायट्रॅपचं मिश्रण या आठवड्यात बदलते. मध्यातून एक जाड, गोल टोकाचा कोंब वर येताना दिसतोय, सापळ्यासारखा नाही. आणि घटपर्णीला पहिला घट कधीपर्यंत धरायला हवा?

कुंडीवाला_फोंडा

तो फुलाचा दांडा. पाच सेंटिमीटरचा झाला की बुडापासून कापा. अशक्त झाडाला फुलू दिलं तर कंद रिकामा होतो. कापलेला दांडा टाकू नका. दोन-तीन सेंमी ओल्या पीटमध्ये खोचून वरून पारदर्शक पेला पालथा घाला, कधीकधी दीड-दोन महिन्यांत बुडाशी पिल्लं फुटतात.

घटपर्णीच्या जुन्या पानांना आता घट येणार नाही, त्यांचे वाळलेले तंतू हवे तर कापा, पानं ठेवा. नव्या मिश्रणात येणारं पहिलं पानही बहुधा रिकामंच जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या पानाकडे लक्ष ठेवा. तंतूचं टोक तांदळाएवढं फुगून वर वळलं की घट धरला समजा. तिथून झाकण उघडायला तीन-चार आठवडे लागतात. त्या काळात कुंडी फिरवू नका, जागा बदलू नका. टोक फुगून मध्येच तपकिरी पडलं तर उजेड आणि कोरडी हवा बघा, आणि निथळलेल्या पाण्याचा आकडा इथे टाका.